फ्रँक हॉर्नबी

फ्रँक हॉर्नबी (१५ मे, १८६३ – २१ सप्टेंबर, १९३६) हे इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील खेळण्यांचे निर्माते, शोधक आणि उद्योजक होते. छिद्रे पाडलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टांनी जोडून प्रतिकृती उभारण्याचा मेकॅनो हा संच, हॉर्नबी या नावाने विकल्या गेलेल्या खेळण्यातील आगगाड्या आणि डिंकी टॉइज या ओतीव धातूच्या छोट्या मोटारी ही त्यांच्या कारखान्याची प्रमुख उत्पादने होत. मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बांधणे, त्या जमविणे आणि जुन्या प्रतिकृतींचे पुनरुज्जीवन करणे या छंदाला आज जे रूप आले आहे, त्यात हॉर्नबी यांचा वाटा मोठा आहे. या छंदात प्रचलित असलेले १:४३ हे प्रमाण त्यांच्या कारखान्यातील आगगाड्यांच्या मापाशी निगडित आहे. हॉर्नबी यांनी अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. १९३१ ते १९३५ या काळात ते लिव्हरपूलमधील एव्हर्टन मतदारसंघातून ब्रिटिश संसदेचे सदस्य होते.

प्रारंभिक जीवन

हॉर्नबी यांचा जन्म लिव्हरपूलमधील कॉपरस हिल या भागात झाला. त्यांचे वडील जॉन ऑस्वल्ड हॉर्नबी हे किराणा व खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. आईचे नाव मार्था. फ्रँक यांना शाळेची गोडी नव्हती. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते वडिलांच्या पेढीत रोखपाल म्हणून काम करू लागले. सॅम्युएल स्माइल्स यांचा स्वावलंबनावरील ग्रंथ त्यांनी लहानपणीच वाचला होता. सामान्य परिस्थितीतून वर आलेल्या यंत्रशोधकांच्या त्यातील चरित्रांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. १५ जानेवारी, १८८७ रोजी क्लॅरा वॉकर गोडफ्रॉय या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. त्यांना रोलंड व डग्लस हे दोन मुलगे आणि पॅट्रिशिया ही मुलगी अशी तीन अपत्ये झाली.

१८९९ मध्ये वडिलांचे निधन झाले व पेढी बंद पडली. त्यानंतर हॉर्नबी यांनी डेव्हिड ह्यू एलियट या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी धरली. त्या वेळी त्यांचे वय छत्तीस वर्षांचे होते. कारखानदारीचा अनुभव नाही, भांडवल नाही आणि हातात यंत्रकामाचे कसबही बेताचेच, अशी त्यांची स्थिती होती.

मेकॅनोचा उगम

मुलांसाठी घरच्या घरी खेळणी करण्याचा हॉर्नबी यांना नाद होता. पूल, मालवाहू गाड्या, यारी अशा वस्तू ते पत्र्याच्या तुकड्यांपासून बनवीत. प्रत्येक प्रतिकृतीसाठी नवे भाग कापावे लागत आणि ती मोडली की ते भाग वाया जात. एकच भाग अनेक प्रतिकृतींत वापरता आला पाहिजे, आणि त्यासाठी सर्व भागांवर समान अंतरावर समान मापाची छिद्रे असली पाहिजेत, हा विचार त्यांना नाताळच्या सुमारास केलेल्या एका रेल्वेप्रवासात सुचला, असे सांगितले जाते. त्यांनी धातूचा पत्रा हाताने कापून अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या तयार केल्या आणि त्यांवर दर अर्ध्या इंचाला छिद्र पाडले. ही छिद्रे दुहेरी कामाची होती. त्यांतून बोल्ट घालून पट्ट्या जोडता येत, तसेच त्याच छिद्रांतून आसाची सळई ओवून चाक किंवा कप्पी फिरविता येई. जोडणी आणि गती या दोन्ही गोष्टी एकाच छिद्राने साधणे हा या शोधाचा गाभा होय.

या प्रसंगाविषयी थोडी सावधगिरी आवश्यक आहे. हॉर्नबी यांच्या पूर्वायुष्यातील बहुतेक परिचित गोष्टी दोन ठिकाणांहून आलेल्या आहेत. पहिले म्हणजे १९१५ मध्ये अमेरिकेत एम. पी. गुल्ड यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले त्यांचे चरित्र. खेळणे विकून दहा लाख डॉलर मिळविणारा मुलगा असे त्यात हॉर्नबींचे वर्णन होते आणि पुस्तकाचा हेतू उघडच जाहिरातीचा होता. दुसरे म्हणजे कंपनीच्याच मासिकात हॉर्नबी यांनी पुढे सांगितलेली मेकॅनोची कथा. दोन्हींचा रोख किशोरवयीन ग्राहकांना स्फूर्ती देण्याकडे आहे. त्यामुळे रेल्वेच्या डब्यातील साक्षात्कार हा हॉर्नबी यांनी स्वतःविषयी सांगितलेला प्रसंग म्हणूनच घ्यावा लागतो. पेटंटची तारीख मात्र कागदोपत्री निश्चित आहे.

९ जानेवारी, १९०१ रोजी हॉर्नबी यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यासाठी लागणारे पाच पौंड त्यांनी एलियट यांच्याकडून उसने घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस पेटंट मंजूर झाले. एलियट यांनी केवळ पैसेच दिले नाहीत, तर आपल्या कार्यालयालगतची मोकळी जागाही हिशेबनिसाला वापरू दिली व पुढे ते भागीदारही झाले. मेकॅनोच्या लोकप्रिय इतिहासात या व्यापाऱ्याचे नाव बहुधा ओझरते येते. वास्तविक त्यांच्या मदतीवाचून हा शोध घराबाहेर पडला असता की नाही, याची शंकाच आहे.

१९०२ मध्ये मेकॅनिक्स मेड ईझी या नावाने पहिला संच बाजारात आला. त्यात १६ प्रकारचे भाग आणि १२ प्रतिकृती कशा उभाराव्यात हे दाखविणारे एक पत्रक होते. संचाची किंमत साडेसात शिलिंग होती. साध्या कामगाराच्या घरी एवढ्या किमतीचे खेळणे येणे कठीणच होते. सुरुवातीच्या पट्ट्या पातळ पत्र्याच्या होत्या, त्यांच्या कडा नीट नसत व त्या गंजत. लिव्हरपूल विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी या संचाच्या शैक्षणिक उपयुक्ततेबद्दल अनुकूल अभिप्राय दिला आणि हॉर्नबी यांनी त्याचा प्रचारात पुरेपूर उपयोग करून घेतला. तरीही धंदा नफ्यात यायला १९०६ साल उजाडले.

सप्टेंबर, १९०७ मध्ये मेकॅनो या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. ३० मे, १९०८ रोजी मेकॅनो लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. एलियट नव्या कंपनीत आले नाहीत आणि उद्योगाची सूत्रे एकट्या हॉर्नबींकडे आली. आता पट्ट्या जाड पोलादाच्या, गोलाकार टोकांच्या व निकेलचा मुलामा दिलेल्या होऊ लागल्या. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. पुढील साठांहून अधिक वर्षे कंपनीचे मुख्यालय तेथेच होते. परदेशांत नकला करणाऱ्यांशी, विशेषतः अमेरिकेतील प्रतिस्पर्ध्यांशी, हॉर्नबी यांनी न्यायालयात दीर्घकाळ झुंज दिली. जर्मनीत मेर्कलिन या प्रसिद्ध कंपनीशी त्यांनी करार केला होता, परंतु पहिल्या महायुद्धामुळे तो संबंध तुटला.

१९१६ मध्ये मेकॅनो मॅगझिन सुरू झाले व १९१९ मध्ये मेकॅनो गिल्ड ही वाचक-खेळाडूंची संघटना निघाली. मासिकात पूल, जहाजे, इंजिने, विमाने यांवरील सचित्र माहिती आणि वाचकांनी बांधलेल्या प्रतिकृतींच्या स्पर्धा असत. कंपनीचे सगळे बोलणे मुलग्यांना उद्देशून असे. मुलीही हे खेळणे खेळू शकतात, याची दखल जाहिरातींत अपवादानेच दिसते. बिन्स रोडवर ही खेळणी प्रत्यक्ष तयार करणाऱ्या कामगारांत मात्र स्त्रिया व तरुण मुलींचा भरणा मोठा होता.

बांधावयाच्या मोटारी

मोटारीची प्रतिकृती हा मेकॅनोच्या खेळाडूंचा आवडता विषय होता. १९२० च्या दशकात कंपनीने मोटारीच्या सांगाड्याची एक मोठी प्रतिकृती प्रसिद्ध केली. तिच्या उभारणीसाठी स्वतंत्र पत्रक मिळत असे. ही प्रतिकृती बाहेरून मोटारीसारखी दिसत नाही. तिच्यावर कवच नाही, आसनांचाही केवळ आभास आहे. परंतु तिच्यात वेग बदलण्याची दंतचक्रांची पेटी आहे, क्लच आहे, ब्रेक आहेत आणि सुकाणू फिरविले असता पुढची चाके वळतात. मागच्या आसावर भेददर्शी दंतचक्रमाला, म्हणजेच डिफरन्शियल, बसविलेली आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते आणि म्हणून दोन्ही चाके एकाच ताठ आसाला जखडून चालत नाहीत, ही गोष्ट पुस्तकातील आकृतीवरून चटकन कळत नाही. हाताने हा भाग जुळविला की ती कळते. मेकॅनोला शैक्षणिक साधन म्हणावे की नाही यावर मतभेद होऊ शकतील, पण या एका प्रतिकृतीपुरता तो प्रश्न निकालात निघतो.

१९३० च्या दशकाच्या आरंभी कंपनीने मोटार बांधण्याचे वेगळे संच काढले. यांत छिद्रांच्या पट्ट्यांऐवजी आकार दिलेले, रंगविलेले पत्र्याचे भाग होते. छत, पुढील जाळी, चिखलरोधक, आसने, मागील भाग असे पर्याय बदलून एकाच संचातून उघड्या टपाची, बंद टपाची किंवा शर्यतीची मोटार तयार करता येई. गाडी चावीवर चाले. सामान्य मेकॅनोत रूप कमी व यंत्र अधिक होते, तर येथे रूपाला प्राधान्य होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंतच हे संच निघाले. त्यामुळे ते थोडे आहेत आणि संग्राहकांत त्यांना मोठी मागणी आहे. पुनरुज्जीवन करणाऱ्यांच्या दृष्टीने त्यांचा मोठा गुण असा, की सर्व भाग नट-बोल्टांनी जोडलेले असतात. वाकलेला चिखलरोधक काढून सरळ करावा, गंजलेला बोल्ट बदलावा आणि गाडी पुन्हा जोडावी, इतके ते सोपे असते.

आगगाड्या आणि १:४३ हे प्रमाण

१९२० मध्ये हॉर्नबी यांनी शून्य क्रमांकाच्या रुळांवर चालणाऱ्या चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमधील खेळण्यांच्या बाजारावर जर्मन मालाचे वर्चस्व होते. युद्धानंतर तो माल ग्राहकांना नकोसा झाला आणि ती जागा हॉर्नबी यांनी भरून काढली. पहिल्या गाड्या मेकॅनोप्रमाणेच नट-बोल्टांनी जोडलेल्या होत्या, म्हणजे त्या सुट्या करून पुन्हा उभारता येत. १९२५ मध्ये विजेवर चालणारी गाडी आली.

शून्य क्रमांकाच्या रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर असते. या मापासाठी ब्रिटनमध्ये प्रत्यक्षातील एका फुटास प्रतिकृतीतील ७ मिलिमीटर असे प्रमाण धरण्याची प्रथा पडली. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्याला सातने भागले असता सुमारे ४३.५ येतात. मोटारींच्या प्रतिकृतींत आज रूढ असलेले १:४३ हे प्रमाण असे रेल्वेच्या रुळांवरून आलेले आहे. मोटारींच्या दृष्टीने पाहता त्यामागे स्वतंत्र असे काही कारण नाही. हे मूळ ठाऊक नसल्यास हा आकडा मोठा विचित्र वाटतो.

डिंकी टॉइज

आगगाडी आली की तिच्या भोवतालचे जगही लागते. १९३१ पासून कंपनीने स्थानकावरील कर्मचारी, प्रवासी, प्राणी यांच्या छोट्या मूर्ती विकण्यास सुरुवात केली. याच मालिकेत डिसेंबर, १९३३ मध्ये २२ क्रमांकाचा संच आला. त्यात उघडी शर्यती मोटार, बंद टपाची मोटार, मालमोटार, सामान पोहोचविणारी व्हॅन, शेतीचा ट्रॅक्टर व रणगाडा अशी सहा वाहने होती. ती शिशाची ओतलेली होती. अमेरिकेत टूटसिटॉय नावाच्या ओतीव धातूच्या मोटारी याआधीच लोकप्रिय झालेल्या होत्या, आणि बिन्स रोडने त्यांच्यापासून बोध घेतला होता. त्यामुळे छोट्या ओतीव मोटारीचे जनक म्हणून हॉर्नबी यांचे नाव घेणे इतिहासाला धरून नाही. रेल्वेच्या देखाव्यात ठेवण्याची पूरक वस्तू म्हणून जन्मलेल्या या मोटारी मुलांनी देखाव्याबाहेर नेल्या, हे मात्र खरे. एप्रिल, १९३४ मध्ये त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळाले. पाहता पाहता रेल्वे मागे राहिली आणि मोटारी हाच कंपनीचा एक मुख्य व्यवसाय झाला. पॅरिसजवळ बॉबिनी येथील कारखान्यातून फ्रेंच मोटारींच्या प्रतिकृतीही निघू लागल्या.

डिंकी मोटारी पहिल्यापासून काटेकोर प्रमाणात होत्या असे समजणे चुकीचे ठरेल. युद्धपूर्व काळात लहान मोटार व मोठी बस खोक्यात सारख्याच दिसाव्यात म्हणून बस अधिक आटोपशीर केली जाई. मालवाहू वाहनांचे प्रमाण मोटारींपेक्षा बरेच लहान असे. १:४३ चा आग्रह नंतरच्या काळात, विशेषतः प्रौढ संग्राहकांमुळे, दृढ झाला.

निर्मितीच्या पद्धतीत येथे मूलगामी बदल झाला होता. मेकॅनोचा मुलगा स्वतः जोडणी करी, तर डिंकी मोटार तयारच हातात येई. पोलादी साच्यात वितळलेला धातू दाबाने भरला जाई, थंड झालेले कवच काढून रंगविले जाई, आसाच्या तारेवर चाके चढवून तिची टोके दाबून चपटी केली जात. एकदा जुळलेली मोटार पुन्हा सुटी करण्याची सोयच ठेवलेली नव्हती. पाना आणि पेचकस ही ज्या कारखान्याची ओळख होती, त्याच्याच या उत्पादनावर पाना चालत नसे. त्याचमुळे ती स्वस्त झाली. मेकॅनोचा मोठा संच वाढदिवसाला किंवा नाताळला मिळावयाची वस्तू होती. डिंकीची एक गाडी मुलाला स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घेता येई.

अंतिम काळ

१९३१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हॉर्नबी हुजूर पक्षाचे उमेदवार म्हणून एव्हर्टनमधून निवडून आले. त्यानंतर कारखान्याचे रोजचे काम त्यांनी बरेचसे इतरांवर सोपविले. १९३५ मध्ये त्यांनी पुन्हा निवडणूक लढविली नाही. संसदेतील त्यांच्या कार्याचा फारसा ठसा उरलेला नाही. डिंकी टॉइजचा जन्म याच वर्षांतला आहे, ही गोष्ट त्यांच्या श्रेयाचा विचार करताना ध्यानात घ्यावी लागते. साचे घडविणारे, नमुने कोरणारे कारागीर बहुतांशी अनामिक राहिले आणि खोक्यांवर नाव कंपनीचे राहिले. हॉर्नबी यांना मधुमेह व हृदयविकार होता. २१ सप्टेंबर, १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. लिव्हरपूलजवळील मॅगल या गावी सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. कंपनीची सूत्रे थोरले पुत्र रोलंड यांच्याकडे गेली.

धातूचा रोग आणि पुनरुज्जीवन

हॉर्नबी यांच्या हयातीत तयार झालेल्या मोटारींपैकी अनेक आज आपोआप मोडकळीस येत आहेत. शिशाऐवजी डिंकी मोटारींसाठी लवकरच जस्ताचा मिश्रधातू वापरात आला. जस्त, सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम व तांबे असे त्याचे घटक असतात. हा मिश्रधातू अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये विकसित केला. ब्रिटनमध्ये तो मॅझॅक या नावाने ओळखला जातो. तो कमी तापमानाला वितळतो, साच्यातील बारीक रेषाही अचूक टिपतो आणि शिशापेक्षा कठीण असतो. मात्र त्यात वापरावयाचे जस्त अत्यंत शुद्ध, म्हणजे ९९.९९ टक्के, असावे लागते. शिसे, कथील किंवा कॅडमियम यांचा किंचित अंश जरी मिसळला तरी धातूच्या कणांच्या सीमारेषांवर आतून गंज चढू लागतो. दमट हवेत तो वेगाने पसरतो. प्रथम रंगाखाली केसासारख्या भेगा दिसतात, मग कवच फुगते, वाकते आणि शेवटी बोटाने दाबताच त्याचा भुगा होतो. ज्या कारखान्यात आधी शिशाचे ओतकाम चालत होते, तेथे शिशाचे तुकडे जस्तात मिसळले गेले असावेत, असे एक स्पष्टीकरण या बाबतीत दिले जाते. आगगाड्यांच्या त्या काळातील ओतीव चाकांचीही हीच गत झालेली आढळते.

संग्राहक याला धातूचा रोग म्हणत असले तरी तो संसर्गजन्य नाही. एका मोटारीतून तो शेजारच्या मोटारीत जात नाही. पण त्यावर उपायही नाही. दोष धातूच्या घडणीतच असल्यामुळे रंग खरवडून, लेप देऊन किंवा भेगा बुजवून तो थांबत नाही. कोरड्या, थंड व तापमान स्थिर असलेल्या जागी ठेवून त्याची गती तेवढी कमी करता येते. याचा परिणाम असा, की १९३० च्या दशकातील शाबूत डिंकी मोटारींची संख्या दरवर्षी घटतच जाणार. सामान पोहोचविणाऱ्या ज्या व्हॅनवर दुकानांच्या व मालाच्या जाहिराती छापल्या जात, त्यांपैकी काही आज लिलावात हजारो पौंडांना विकल्या जातात. त्यांची दुर्मीळता केवळ कमी उत्पादनातून आलेली नाही, तर या क्षयातूनही आली आहे.

ज्या मोटारी धातूने निरोगी आहेत पण खेळून खेळून झिजल्या आहेत, त्यांचे पुनरुज्जीवन हा या छंदाचा मोठा भाग आहे. पद्धत साधारणपणे ठरलेली आहे. तळाचा पत्रा धरून ठेवणाऱ्या ओतीव खुंट्यांची पसरलेली डोकी बारीक ड्रिलने कापून कवच व तळ वेगळे करतात. आसाच्या तारेचे चपटे टोक कानशीने घासून चाके उतरवितात. जुना रंग रसायनात बुडवून काढतात. ते रसायन जस्तावर जादा वेळ राहू नये याची काळजी घ्यावी लागते. नंतर कवच धुऊन, वाळवून, आधी अस्तराचा व मग मूळ छटेचा रंग पातळ थरांत फवारतात. तडकलेल्या रबरी धावा, पुढील जाळ्या, दिवे असे भाग पांढऱ्या धातूचे किंवा रबराचे नव्याने तयार केलेले मिळतात. चाकाच्या बशीवरूनही काळ ओळखता येतो. युद्धपूर्व मोटारींच्या बशा सपाट असतात, तर युद्धोत्तर मोटारींच्या बशांवर उठावाचे कडे असते. युद्धपूर्व मोटारीवर युद्धोत्तर चाके चढविली, तर रंग कितीही सुबक असला तरी जाणकाराला ती विसंगती लगेच खटकते.

तळ पुन्हा बसविताना कापलेल्या खुंटीत आटे पाडून लहान स्क्रू बसविण्याची रीत बरीच रूढ आहे. त्यामुळे गाडी पुढच्या वेळी न कापता उघडता येते. काही संग्राहकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते स्क्रू दिसला की मोटारीची सत्यता गेली. याहून मोठा वाद रंगाचा आहे. मूळ रंगाचे पोपडे गेलेली, खरवडलेली मोटारही नव्याने रंगविलेल्या मोटारीपेक्षा बाजारात बहुधा अधिक मोलाची ठरते, कारण कारखान्यातील रंग एकदाच लागतो. दुसऱ्या बाजूने, ज्या गाडीचा रंग जवळजवळ गेलाच आहे ती तशीच ठेवण्यात काय साधते, असे पुनरुज्जीवन करणारे विचारतात. या वादात दोन्ही बाजूंना मान्य असलेली एक अट आहे. नव्याने रंगविलेली मोटार विकताना ती तशी आहे हे सांगितलेच पाहिजे. दुर्मीळ जाहिरातीची व्हॅन साध्या व्हॅनवर नवी अक्षरे चढवून बनविणे ही फसवणूक होय.

कंपनीचा पुढील इतिहास

दुसऱ्या महायुद्धात बिन्स रोडचे उत्पादन युद्धसामग्रीकडे वळविण्यात आले. युद्धानंतर डिंकी टॉइजला मोठे यश मिळाले. १९५३ पासून लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्स मोटारी आणि १९५६ पासून मेटॉय कंपनीच्या खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक लावलेल्या कॉर्गी मोटारी स्पर्धेत उतरल्या. १९६४ मध्ये मेकॅनो लिमिटेड लाइन्स ब्रदर्स या समूहाकडे गेली. तो समूह १९७१ मध्ये कोसळल्यावर एअरफिक्स कंपनीने ती घेतली. नोव्हेंबर, १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाला. मेकॅनो, हॉर्नबी व डिंकी ही तिन्ही नावे वेगवेगळ्या मालकांकडे गेली असून ती आजही वापरात आहेत.

भारताशी संबंध

ब्रिटिश काळात मेकॅनोचे संच भारतातही येत. मराठीत मेकॅनो हा शब्द छिद्रांच्या पट्ट्यांच्या कोणत्याही खेळण्यासाठी सामान्यनामासारखा वापरला गेला आणि त्याच तत्त्वावरील भारतीय बनावटीचे संच पुढे घरोघर आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकी टॉइजचे काही जुने साचे कलकत्त्याच्या एका कंपनीकडे आले. त्यांतून निकी टॉइज या नावाने मोटारी काढण्यात आल्या. साच्यातील डिंकी ही अक्षरे बदलून निकी अशी केलेली होती. ओतकाम व रंगकाम मूळ मालाच्या मानाने ओबडधोबड असले तरी, किंबहुना म्हणूनच, युरोपातील संग्राहक आज या मोटारी आवर्जून शोधतात.

मॅगल येथील स्टेशन रोडवरील द हॉलीज हे हॉर्नबी यांचे निवासस्थान अद्याप उभे असून तेथे त्यांच्या नावाचा निळा स्मृतिफलक लावण्यात आला आहे.